गाडी रात्री कुठे निजते?

भाच्याची मोटारसायकल अंगणात आली की गुरुजी आधी तिची पाटी वाचतात, मग भाच्याकडे बघतात. पाटी 'डीएन ०९'ची. सिल्वासाच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तिथेच घेतलेली. चाकांना मात्र बारमाही वावर गावची तांबडी माती. त्याबद्दल गुरुजी इतकी वर्षं काही बोलले नव्हते. २०२५ च्या दिवाळीत बोलले, कारण भाचा आता चारचाकी घ्यायला निघाला होता आणि तिलाही सीमेपलीकडचीच पाटी लावायचं त्याच्या मनात होतं.

मी तिथे होतो तो नागली न्यायला. जव्हारच्या बाजारात मिळते, पण गुरुजींच्या खळ्यावरची ती खळ्यावरचीच. गुरुजी आश्रमशाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, गणिताचे. भाचा त्यांच्या बहिणीचा मुलगा, लहानपणापासून याच घरात वाढलेला. मामीनं कोरा चहा पुढे ठेवला आणि मला वाटलं, कप रिकामा झाला की उठावं. उठलो तेव्हा उन्हं कलली होती.

"हायब्रिड घेतोय, मामा," भाचा म्हणाला. "पेट्रोलवर चालते, पण पोटात बॅटरी असते. प्लग लावायला लागत नाही, चालता चालता आपली आपण भरते. सोळा लाख."

"आणि पाटी?"

"तिकडची."

"का?"

"सोळा लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात बारा टक्के कर. एक लाख ब्याण्णव हजार. हायब्रिड आहे म्हणून एक रुपया सूट नाही, सरकारनं तिला पेट्रोलच्याच रांगेत उभी केलीय. पलीकडे याच्या मानानं किरकोळ कर आहे. बरं, माझी खोली तिकडे आहे, भाडेकरार आहे, पगार तिकडच्या बँकेत होतो. मी काही नुसता पत्ता विकत घेत नाहीये."

हा शेवटचा मुद्दा त्यानं मुद्दाम आधीच टाकला, कारण त्याला मामा माहीत होता. सिल्वासाच्या पत्त्यावर गाडी घ्यायची हा इकडे नवा उद्योग नाही. सिंधुदुर्गात गोव्याची पाटी दिसते, आणि आमच्याकडे डीएन, डीडी. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र झाले, त्यामुळे नव्या गाड्यांवर 'डीडी' येतं. लोकांच्या तोंडी अजून डीएनच. पेट्रोलचंही तसंच. पलीकडे लिटरमागे दहा-अकरा रुपये स्वस्त, म्हणून इकडून जाणारा माणूस टाकी रिकामी ठेवून जातो आणि गळ्यापर्यंत भरून येतो. त्याला कुणी चोर म्हणत नाही.

"पेट्रोल तिकडे भरलंस तर मी काही म्हणणार नाही," गुरुजी म्हणाले. "ते तू जाळून टाकतोस. कर म्हणजे तुझी गाडी कुठली, याचं उत्तर आहे. मला एवढंच सांग, ती रात्री कुठे निजणार?"

भाचा हसला. मला मात्र तो प्रश्न ओळखीचा वाटला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ४०: मालक जिथे राहतो किंवा जिथे त्याचा धंदा आहे आणि जिथे गाडी सर्वसाधारणपणे ठेवली जाते, तिथल्या अधिकाऱ्याकडे तिची नोंदणी व्हावी. कायद्याच्या भाषेतलं 'सर्वसाधारणपणे ठेवली जाते' म्हणजे गुरुजींचं 'निजते'.

"सोमवार ते शनिवार सिल्वासात," भाचा म्हणाला.

"सिल्वासात तू मोटारसायकलनं कंपनीत जातोस. खोलीपासून कंपनी किती?"

"दीड किलोमीटर."

"म्हणजे सोळा लाखांची गाडी तिथल्या गल्लीत धूळ खाणार, आणि तुझी बायको इथे पोराला घेऊन जीपची वाट बघणार?"

भाचा गप्प. त्याची बायको जव्हारला सरकारी नर्स. घर वावरला, नोकरी जव्हारला, रात्रपाळीला वाहनाची बोंब. गाडी कुणासाठी घ्यायची होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी निजणार होती ती इथेच, या चिंचेखाली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण कायद्यात बारा महिन्यांची मुभा आहे की. एकदा नोंदणी झाली की गाडी देशभर चालते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यायचा. मी दर शनिवारी येतो आणि सोमवारी जातो. गाडी सलग बारा महिने इकडे राहणारच नाही."

कलम ४७. हे तो बरोबर सांगत होता, आणि हेच सीमेवरच्या गाडीमालकांचं आवडतं कलम आहे. पलीकडच्या पंपाच्या पावत्या गाडीच्या कप्प्यात जपून ठेवणारे लोक मी पाहिलेत, जणू देवाचा अंगारा. कुणी अडवलं की पावती दाखवायची: गेल्या महिन्यात तिकडेच होतो, साहेब.

"पळवाट आणि वाट यात फरक असतो," गुरुजी म्हणाले.

"मामा, वाट कुणी दिली होती आपल्याला?"

इथून बोलणं गाडीवरून घसरलं आणि ज्या जागी गेलं तिथेच ते खरं होतं, असं मला वाटतं. बाहेरच्यांना वावर हे नाव एकटं आठवत नाही, 'वावर-वांगणी' असं जोडूनच आठवतं. १९९२ साली इथली शंभरहून जास्त बालकं कुपोषणानं गेली. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक इथे आले, अधिकारी आले, वर्तमानपत्रं आली. गुरुजी तेव्हा तिशीतले शिक्षक. त्या वर्षाबद्दल ते फार बोलत नाहीत. भाच्यानं ते वर्ष काढलं नाही, पण त्याला जे म्हणायचं होतं ते तिथूनच आलेलं होतं.

"आपल्या पाड्यातली माणसं दिवाळी झाली की जगायला जातात. भिवंडी, वसई, वाडा, जिथे वीटभट्टी असेल तिथे. पावसाला परत. त्यांचं रेशनकार्ड कुठलं? इथलं. पोराचं नाव कुठल्या अंगणवाडीच्या वहीत? इथल्या. पोर कुठे? भट्टीवर. तिकडच्या बाईच्या वहीत नाव नाही, म्हणून तिकडे खाऊ नाही. इकडच्या वहीत नाव आहे, पण खायला पोर इथे नाही. सरकारनं कायम पत्ता धरला, मामा, माणूस धरलाच नाही. आता मी एकदा पत्ता धरला, तर मी चोर?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. "त्यांनी चुकीचा प्रश्न विचारला, म्हणून आपण खोटं उत्तर द्यायचं?"

"खोटं नाही. सोयीचं."

"अरे, तू जे आत्ता म्हणालास त्याचाच अर्थ लाव ना. माणूस जिथे, तिथे त्याचा शिधा. पोर जिथे, तिथे त्याचा खाऊ. म्हणून तर आता रेशन देशात कुठेही उचलता येतं. मग गाडी जिथे, तिथे तिचा कर. तुला पोरासाठी एक नियम हवा आणि मोटारीसाठी दुसरा?"

भाच्याला पटलं नाही, पण लगेच उत्तरही सुचलं नाही. मामी आतून म्हणाली, "रस्ता कर म्हणतात ना त्याला? मग आधी रस्ता दाखवा म्हणावं." आणि भाच्याला बळ आलं.

"बघा! आजही पाड्यातली बाळंतीण डोलीतून आणावी लागते. दर पावसाळ्यात पेपरात फोटो येतो, कधी जव्हारचा, कधी मोखाड्याचा. तिकडे खानवेलपासून पुढे रस्ता कसा आहे, तुम्हीच बघितलाय. मी तिकडच्या रस्त्यासाठी तिकडे कर भरतो असं समजा."

इथे मला मध्ये बोलावंसं वाटलं, आणि बोललो. लोक म्हणतात रोड टॅक्स. कायदा म्हणतो मोटार वाहन कर. तो राज्याच्या तिजोरीत जातो, आणि तिजोरीतून निघताना त्याच्यावर 'वावरचा रस्ता' असं लिहिलेलं नसतं. कर ही किंमत नसते. दुकानात पैसे टाकले की वस्तू हातात येते, तसं इथे होत नाही, म्हणून तर त्याचा राग येतो. मामीचा रागही खरा आणि गुरुजींचा हिशेबही खरा. दोन्ही एकमेकांना लागू मात्र पडत नाहीत.

"तुम्ही कुणाच्या बाजूचे?" भाच्यानं मला विचारलं.

"नागलीच्या," मी म्हणालो.

गुरुजींना विषय सोडायचा नव्हता. "तुला सूटच हवी ना? मग विजेची घे. महाराष्ट्रात विजेच्या गाडीला मोटार वाहन कर माफ आहे. २०२१ च्या जुलैत धोरण आलं, २०२५ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं नवं मंजूर केलं, ते २०३० पर्यंत चालणार. ऑगस्टपासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर टोलही नाही. इकडची पाटी, शून्य कर, आणि माझं तोंड बंद."

"अटल सेतूवर मी वर्षातून किती वेळा जातो?" भाचा म्हणाला. "विजेच्या गाडीला माझा विरोध नाही. पण इकडे पावसाळ्यात झाड पडलं की तारा जातात, मग रात्र-रात्र अंधार. रात्रपाळीच्या बाईला दुसऱ्या दिवशी पोचायचंय. नाशिकला जायचं तर त्र्यंबकपर्यंत चार्जर शोधत बसू?"

हे पूर्ण खरं नव्हतं. वावर ते जव्हार ही रोजची फेरी इतकी लहान आहे की विजेची गाडी एकदा भरली की चार-पाच दिवस बिनघोर निघतील. घरच्या पंधरा अँपियरच्या प्लगवर रात्रभर लावली तरी भागतं. गुरुजींनी हे सांगितलं, आणि भाच्यानं ते ऐकून घेतलं. खरी अडचण मग बाहेर आली. कारखान्यातल्या त्याच्या साहेबानं हायब्रिड घेतली होती, भाचा तिच्यातून एकदा घाट उतरला होता, आणि इंजिन बंद असताना गाडी चालते हे पाहून त्याचा जीव तिच्यावर जडला होता. माणूस गाडी अशीच घेतो. हिशेब नंतर जमवतो.

"घाट उतरताना बॅटरी आपोआप भरते, मामा! ब्रेक दाबला की वीज तयार. आपल्यासारख्या डोंगरी माणसासाठीच बनवलीय."

"किती भरते?"

"भरपूर."

"भरपूर हा आकडा नाही," गुरुजी म्हणाले आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन चालवू लागले. गाडी आणि माणसं मिळून १६०० किलो. जव्हारच्या पठारावरून खाली चारशे मीटर उतार धरू. सोळाशे गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले चारशे. बासष्ट लाख बहात्तर हजार ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. म्हणजे पावणेदोन युनिट.

"आणि तुझ्या गाडीची बॅटरी केवढी?"

भाच्यानं मोबाइलवर बघितलं. मारुतीच्या ग्रँड विटाराची आणि टोयोटाच्या हायरायडरची, दोघींची एकच: शून्य पूर्णांक शहात्तर युनिट.

"म्हणजे डबा पाऊण शेराचा आणि दूध पावणेदोन शेर," गुरुजी म्हणाले. "अर्धा घाट उतरलास की डबा भरला. पुढचं उतू गेलं."

"सगळं कुठे जातंय बॅटरीत? चाकाचं घर्षण, वारा, त्यातच निम्मं संपतं. तुमचं दूध तेवढं नाहीच."

"हे बरोबर," गुरुजींनी मान्य केलं, आणि आकडा खोडला. गणिताच्या माणसाशी भांडण्यात हे एक सुख असतं.

पण त्या पत्रिकेवरच्या हिशेबातून हायब्रिडची खरी गोम दिसते. लहान बॅटरी म्हणून ती स्वस्त, म्हणून प्लगची गरज नाही. पण म्हणूनच तिची सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. घाटानं दिलेली वीजसुद्धा आधी इंजिनानं गाडी वर चढवली म्हणून मिळते. लिटरला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरचा चाचणीतला आकडा मोठाच आहे, आणि अडत-थांबत चालणाऱ्या रस्त्यावर ती पेट्रोल खरंच वाचवते. तरी धूर ती काढतेच. मग तिला सूट द्यायची की नाही? सरकारांचंच यावर एकमत नाही. २०१५ च्या 'फेम' योजनेत केंद्रानं हायब्रिडला अनुदान दिलं. इंजिनाला जरासा टेकू देणाऱ्या सौम्य हायब्रिडसुद्धा त्यात होत्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये सौम्य हायब्रिड बाहेर काढल्या, आणि त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला तेव्हा मोठ्या हायब्रिडवर उपकर धरून ४३ टक्के बसले. उत्तर प्रदेशानं २०२४ च्या जुलैत पक्क्या हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्रानं नाही. एकच गाडी, लखनौला पर्यावरणाची मैत्रीण आणि वावरला साधी पेट्रोलवाली.

"बघा," भाचा म्हणाला, "लखनौवाल्याला सोळा लाखांवर एक लाख साठ हजार सुटले. त्यात त्याचं कर्तृत्व काय? तो लखनौत जन्मला."

"आणि तू वावरला जन्मलास यात तुझं कर्तृत्व काय?" गुरुजी म्हणाले. "सवलत म्हणजे बक्षीस नाही रे. सरकारला कुणाकडून काहीतरी करून घ्यायचं असतं, त्याचा तो बयाणा. भट्टीवाला शेठ देतो तसाच."

बयाणा हा शब्द इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात धान्य संपलं की शेठकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर अंगमेहनतीनं फेडायची. गुरुजींनी तो शब्द मोटारीला लावला तेव्हा मी मनातल्या मनात टिपून घेतला.

कारण बयाणा कुणाला मिळतो हे पाहण्यासारखं आहे. २०२१ च्या धोरणात महाराष्ट्रानं पहिल्या दहा हजार विजेच्या मोटारींना दर युनिटमागे पाच हजार, जास्तीत जास्त दीड लाख रुपये देऊ केले होते. तीस युनिटांच्या बॅटरीची गाडी घेतली की पूर्ण दीड लाख. त्याच काळात प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घराला १ लाख २० हजार मिळत होते, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. हा आकडा मी सांगितला तेव्हा अंगणात कुणी काही बोललं नाही. मामीचं घरकुल नव्हतं, गुरुजींच्या पगारातून बांधलेलं होतं. पण शेजारच्या तिन्ही घरांच्या विटा त्याच पैशातल्या.

"म्हणूनच म्हणतो," भाचा जरा वेळानं म्हणाला, "मोठ्यांनी घेतलं ते धोरण, मी घेतलं ती चोरी."

"मोठ्यांचीही चोरी पकडतात," गुरुजी म्हणाले. आणि केरळचं प्रकरण निघालं. ते महिन्याभरापूर्वीचंच. २३ सप्टेंबरला कोचीच्या सीमाशुल्क विभागानं 'ऑपरेशन नुमखोर' नावानं छापे घातले. भूतानमध्ये वापरलेल्या भारी गाड्या सीमेवरून भारतात आणायच्या, खोट्या कागदांवर डोंगरी राज्यांत नोंदवायच्या आणि केरळात विकायच्या, असा विभागाचा आरोप. नटांच्या घरीही अधिकारी गेले. नुमखोर म्हणजे भूतानी भाषेत वाहन. त्याआधी २०१७ मध्ये त्याच केरळात पुद्दुचेरीच्या पत्त्यावर नोंदवलेल्या महागड्या गाड्यांचा गवगवा झाला होता. पुद्दुचेरीही केंद्रशासित, तिथलाही कर कमी. सिल्वासाची मोठी बहीणच म्हणा.

"ते वेगळं," भाचा म्हणाला. "त्यांनी गाडी परदेशातून आणली. मी देशातल्या देशात..."

"आज देशातल्या देशात. तुझ्या आजोबांच्या वेळी सिल्वासा परदेशच होतं."

हेही खरं. नगर हवेलीवर पोर्तुगीज होते; २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मोकळं झालं, आणि भारतात कायदेशीर विलीन व्हायला १९६१ उजाडलं. इकडे जव्हारला मुकण्यांचं संस्थान होतं, ते १९४८ मध्ये विलीन झालं. म्हणजे इथल्या एका आयुष्यात राजा, फिरंगी आणि दोन-तीन राज्यांची सरकारं मावतात. वारली आणि कोकणा सोयरीक मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना होती आणि आहे. लग्नाचा वऱ्हाडी सीमा मोजत नाही, कर घेणारा मोजतो. वाहनांच्या बाबतीत तर महाराष्ट्रानं १९८७ मध्ये बाहेरून येणाऱ्या मोटारींवर प्रवेश कराचा स्वतंत्र कायदाच केला होता. २०१७ मध्ये जीएसटीनं तो गिळला. गाडीची किंमत दोन्हीकडे सारखी झाली, नोंदणीचा कर तेवढा ज्याचा त्याच्याकडे राहिला. भाच्याचा सगळा डाव त्या उरलेल्या फटीत होता.

"एवढंच होतं तर जपानहून जुनी आणली असती," तो चिडून म्हणाला. त्यालाही माहीत होतं की ते होत नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची हवी, उतरवायची फक्त मुंबई बंदरात, आणि वर शुल्क शंभर टक्क्यांहून जास्त. २०१० मध्ये टोयोटानं प्रियस रीतसर आयात करून विकायला काढली तेव्हा तिची किंमत सत्तावीस लाखांच्या घरात गेली, आणि हायब्रिड हा शब्द आपल्याकडे श्रीमंतांच्या शोरूममध्येच राहिला. मंगोलियानं उलट केलं. हायब्रिडवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, आणि जपानमधल्या जुन्या प्रियस गाड्यांनी उलानबातर भरून गेलं. तिथे रस्त्याची उजवी बाजू चालते आणि या गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडे. तरी लोक चालवतात, थंडीत सकाळी चालू होतात म्हणून खूश. कॅनडात तर २००७ च्या सप्टेंबरात तिथला डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या बरोबरीला आला आणि माणसं सीमेपलीकडून गाड्या आणायला धावली. आणल्यावर मात्र तपासणी, दिवसा जळणारे दिवे, किलोमीटरचा काटा, सगळं कॅनडाच्या नियमात बसवून दाखवावं लागे. स्वस्ताई जिथे असेल तिथे माणूस जातो. वावरचा भाचा काही जगावेगळा नाही.

मामी पुन्हा बाहेर आली. "गाडी कुणाच्या नावावर घेणार?"

"माझ्या."

"तिच्या नावावर घे ना. चालवणार ती."

एवढं साधं. भाच्याचे डोळे चमकले. बायको राज्य सरकारची कर्मचारी, म्हणजे तिला 'बीएच' पाटी मिळते! २०२१ च्या सप्टेंबरपासून सुरू झालेली भारत मालिका: केंद्र-राज्याचे कर्मचारी, लष्करातले, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांचे लोक. कर दर दोन वर्षांचा. दहा ते वीस लाखांच्या गाडीला दहा टक्क्यांच्या हिशेबानं, तोही जीएसटी वगळून किमतीवर. कुठल्याही राज्यात न्या, नंबर बदलायला नको.

"झालं!" तो म्हणाला. "यात पळवाट कुठली? केंद्राचाच नियम आहे."

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती पाटी बदलीवाल्यांसाठी काढली. तुझी बायको आयुष्यात जव्हार सोडणार आहे का?"

"नियमात 'बदली होणारा' असं लिहिलंय का?"

"नाही."

"मग?"

"मग घे," गुरुजी म्हणाले. "मला आवडलं नाही, पण घे. कर इथेच पडतो, गाडी इथेच निजते. तू मला खोटं सांगत नाहीस. एवढंच मला हवं होतं."

मला वाटतं गुरुजी इथे थोडे नमले, आणि त्यांनाही ते कळलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, पण भाच्याच्या प्रश्नाचं त्यांच्याकडे नव्हतं: अर्ध्या देशात फिरणाऱ्या साहेबाच्या गाडीसाठी पत्ता सैल होतो, भट्टीवरच्या पोराच्या खाऊसाठी तो सैल व्हायला इतकी वर्षं का लागली? हायब्रिडच्या सवलतीबद्दल माझं मत विचाराल तर मी ती देणार नाही. ते पैसे विजेच्या खांबांवर आणि त्या जीपवर लावीन जिची वाट ती नर्स रोज बघते. पण माझं मत विचारलं नव्हतं. भाच्याला गाडी कुठे उभी करायची ते ठरवायचं होतं.

"चिंचेखाली," तो म्हणाला.

"लांबी किती?"

"चार मीटर पंचेचाळीस... नाही, तीनशे पंचेचाळीस मिलिमीटर. ४३४५."

"म्हणजे चारच्या वर. म्हणून तिला चाळीस टक्के जीएसटी," गुरुजी म्हणाले. २२ सप्टेंबरपासूनचे नवे दर त्यांना पाठ होते: चार मीटरच्या आतली आणि लहान इंजिनाची हायब्रिड १८ टक्क्यांत, बाकी ४० मध्ये. आणि लहानांत पक्की हायब्रिड आपल्याकडे कुणी विकतच नाही. "एक सीमा खानवेलला, एक चार मीटरवर."

त्यांनी गुरांची दोरी आणली. मी एक टोक चिंचेच्या बुंध्याशी धरलं, भाचा दुसरं घेऊन लाकडांच्या ढिगापर्यंत गेला. गुरुजींनी वितीनं मोजलं, दोनदा. तेवढ्यात खालच्या पाड्याकडून भट्टीचा टेम्पो वर आला. मागे भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या आणि सात-आठ माणसं. एका बाईच्या मांडीवर झोपलेलं मूल. अंगणाच्या कडेनं जायला त्याला जागा पुरेना. भाच्यानं मोटारसायकल बाजूला ओढली, टेम्पोतल्या कुणीतरी त्याला नावानं हाक मारली, त्यानं हात केला.

"चार मीटर दहा," गुरुजी म्हणाले. "पाटीचं नंतर बघू. आधी ती लाकडं हलव."

भाच्यानं बाह्या सरसावल्या. मी नागलीचं गाठोडं माझ्या गाडीला बांधलं.